पंक्चरच्या दुकानातून विधानसभेकडे

फाट्यावरचे पंक्चरचे दुकान आपल्यापैकी कोणी पाहिले नाही? झाडाला टांगलेला जुना टायर, पाण्याने भरलेले घमेले, कोपऱ्यात धडधडणारा हवेचा पंप आणि ग्रीसने काळे झालेले हात. उसाच्या ऐन हंगामात भरल्या ट्रॉलीचे चाक बसले की हाच माणूस आपल्याला देवासारखा वाटतो. समजा, चाक चढवता चढवता तो म्हणाला, "अण्णा, या खेपेला मी विधानसभेला उभा राहतोय", तर आपण काय करू? खरे सांगायचे तर हसू. घरी गेल्यावर कारभारणीलाही सांगू आणि तीही हसेल.

तमिळनाडूतल्या मेट्टूर गावचे लोक असेच हसले होते. साल होते १९८८. हसू झाले ते के. पद्मराजन यांचे. त्यांचे टायर दुरुस्तीचे दुकान.

मेट्टूर हे सेलम जिल्ह्यातले गाव. कावेरी नदीवर तिथे मोठे धरण आहे, १९३४ साली पुरे झालेले. या धरणाच्या पाण्यावर खाली तंजावरकडची भातशेती पिकते. तंजावर म्हणजे जिथे एके काळी आपल्या भोसल्यांची गादी होती, तेच. तेव्हा धरणाचे दरवाजे कधी उघडतात, पाणी कोणाला आधी मिळते, हे त्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचे प्रश्न. आमदार कोण, याला तिथे किती किंमत असेल ते कालव्याच्या शेवटी जमीन असलेल्या वाचकांना सांगायला नको.

पद्मराजन यांच्या मागे पक्ष नव्हता, साखर कारखाना नव्हता, घराणे नव्हते. साधा माणूसही निवडणुकीला उभा राहू शकतो हे दाखवायचे, एवढेच त्यांनी मनाशी धरले होते. लोक हसले, त्यांनी अर्ज भरला. निकाल लागला, ते पडले. आपल्याकडे माणूस एकदा पडला की चार महिने चावडीवर यायचे टाळतो. हा गृहस्थ पुढच्या निवडणुकीला पुन्हा अर्ज घेऊन हजर. नंतर तर विधानसभा म्हणू नका, लोकसभा म्हणू नका, स्थानिक निवडणुका म्हणू नका, जिथे अर्ज भरता येईल तिथे त्यांनी भरला. राष्ट्रपतिपदासाठीही भरला. तिथे ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात आणि तेही खासदार-आमदारच. ते पंक्चरवाल्याला कुठून मिळणार? अटलबिहारी वाजपेयी, मनमोहन सिंग, नरेंद्र मोदी, राहुल गांधी अशी समोरच्यांची नावे. समोर कोण आहे याची आपल्याला फिकीर नाही, असे ते सांगतात. २०२४ साली लोकसभेला धर्मपुरी मतदारसंघातून ते उभे राहिले, तोवर त्यांच्या हिशेबाने २३८ पराभव झाले होते. वय ६५. त्या वेळी चिन्ह मिळाले टायर. इतक्या वर्षांत मासा, अंगठी, टोपी, टेलिफोन अशी कितीतरी चिन्हे झाली, पण घरचे चिन्ह त्या वेळी मिळाले.

लिम्का बुकात देशातला सर्वांत अयशस्वी उमेदवार म्हणून त्यांची नोंद झाली. आता काही जण म्हणतील, हा नुसता छंद झाला, विक्रमासाठी केलेला खटाटोप. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पुढे पुढे पराभवाचा आकडा वाढवणे हेच त्यांचे उद्दिष्ट झाले आणि ते स्वतः तसे हसत कबूल करतात. निवडणूक ही गमतीची गोष्ट नव्हे, मतपत्रिकेवर उगाच नावांची गर्दी का, हा आक्षेपही खोटा नाही.

पण २०११ साली काय झाले ते ऐका. त्या वर्षी ते आपल्या गावच्या, म्हणजे मेट्टूरच्याच, विधानसभेच्या जागेला उभे राहिले. निवडून आलेल्या उमेदवाराला ७५ हजारांहून अधिक मते पडली. पद्मराजन यांना पडली ६,२७३. आपल्याला एक मत पडेल अशीही अपेक्षा नव्हती, असे ते पुढे म्हणाले. सहा हजार दोनशे त्र्याहत्तर! आपल्याकडची दोन-तीन गावे मिळून एवढे मतदार होतात. त्यांना प्यायला कोणी पाजली नव्हती, जेवणावळ घातली नव्हती, जातीच्या बैठका घेतल्या नव्हत्या. ज्याने कधी तरी आपले चाक दुरुस्त केले, त्याच्या नावापुढचे बटण त्यांनी दाबले.

अनामत मात्र जप्तच झाली. नियम असा की एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते पडली तरच अनामत परत मिळते. दोन लाख मते झाली असतील तर ३३,३३४ हवीत. त्याखाली कितीही पडोत, पैसे सरकारजमा.

या अनामतीची गोष्ट शेतकऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती वाढली त्यात शेतकऱ्यांचाही हात होता. १९५१ च्या कायद्याने विधानसभेची अनामत २५० रुपये होती आणि १९९६ पर्यंत ती तेवढीच राहिली. पद्मराजन यांनी सुरुवात केली ती या २५० रुपयांच्या काळात. १९९६ साली त्यांच्या शेजारच्या ईरोड जिल्ह्यात मोडाकुरिची मतदारसंघात शेतकऱ्यांनी एक युक्ती केली. आमचे गाऱ्हाणे कोणी ऐकत नाही ना, मग आम्ही सगळेच उभे राहतो! एका जागेला १,०३३ उमेदवार. मतपत्रिकेचे चक्क पुस्तक छापावे लागले आणि मतदान पुढे ढकलावे लागले. ८८ जणांना एकही मत पडले नाही. म्हणजे त्यांनी स्वतःलाही मत दिले नाही! त्याच साली लोकसभेला आंध्रातल्या नळगोंड्यात ४८० उमेदवार झाले, ते पाण्याच्या प्रश्नावर. आणि आपल्या बेळगावात ४५६ झाले, सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधण्यासाठी. दिल्लीचे लक्ष वेधले गेले, पण भलतीकडे. सरकारने त्याच वर्षी कायदा बदलून विधानसभेची अनामत ५,००० रुपये केली, आणि अपक्षाला एका सूचकाऐवजी दहा सूचक लावले. २००९ च्या दुरुस्तीने ती १०,००० झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला निम्मी.

दहा हजार रुपये आज फार नाहीत असे कोणी म्हणेल. पण लहान धंदा असणाऱ्याला खरा खर्च अनामतीचा नसतो. तो कसला असतो ते मी माझ्या आजोळी पाहिले.

तिथे पिठाची गिरणी चालवणारे एक गृहस्थ होते. आजोळ म्हटल्यावर गावचा जो तो मामाच, म्हणून आम्ही त्यांना गिरणीवाले मामा म्हणायचो. गावच्या रस्त्यावरून त्यांचे आणि पुढाऱ्यांचे वाजले आणि १९७८ च्या विधानसभेला मामांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह शिडी. प्रचाराला सायकल, पत्र्याचा कर्णा आणि दोन भाचे. त्यांतला एक मी. पत्रके वाटली की पहिल्यांदा पोरे मागे लागायची, मग कुत्री.

पहिल्या आठवड्यात गंमत वाटली. दुसऱ्या आठवड्यात गिरणीवरची रांग कमी झाली. एका पक्षाची माणसे शेजारच्या गावाला दळण नेऊ लागली आणि दुसऱ्या पक्षाची माणसे पहिल्यांनी पाहिले तर काय म्हणतील म्हणून येईनात. उधारी मागायची सोय उरली नाही. मागितली की उत्तर तयार: "मत पाहिजे का पैसे?" बायका मात्र मागच्या दाराने यायच्या. त्यांना घरी भाकरी करायची होती. मामा दिवसभर गावोगाव आणि इकडे पट्टा चढवणे, जाते टाकीला लावणे, पायली मोजणे, सगळे मामींच्या अंगावर. निकालाला मामांना हजाराच्या आतच मते पडली. गिऱ्हाईक पूर्ववत व्हायला दिवाळी उजाडली. उधारी पूर्ववत झालीच नाही.

दुकानदाराची ही अडचण शेतकऱ्याला चटकन कळत नाही. शेतकरी निवडणुकीत पडला तरी ज्वारी त्याच्यावर रुसत नाही. दुकानदाराचे पीक म्हणजे गिऱ्हाईक, आणि गिऱ्हाईक म्हणजेच मतदार. म्हणून बहुतेक लहान दुकानदार सगळ्याच पक्षांच्या सभेला पाणी पाठवतात आणि कोणाच्याच सभेला बसत नाहीत. पद्मराजन यांचे दुकान कसे टिकले, याचे मला म्हणूनच नवल वाटते. तीन दशकांत अनामतींपायी त्यांचा मोठा पैसा गेला. पण ते जिंकायला उभे नव्हते, त्यामुळे कोणाचे काही हिरावून घेत नव्हते, हेही एक कारण असावे.

असो. आता कोणा वाचकाच्या मनात खरोखरच असेल तर काय करावे लागते, तेही सांगून टाकतो. वय २५ पूर्ण हवे. राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे. राखीव जागेसाठी जातीचा दाखला हवा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा, आणि ते त्याच मतदारसंघाचे मतदार असले पाहिजेत. इथेच पुष्कळांचे घोडे अडते. आठ जण सापडतात, नववा म्हणतो, "नाव तेवढे लिहू नका हो". अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात स्वतःची, पत्नीची अन् अवलंबून असलेल्यांची मालमत्ता, सोने, जमीन, कर्ज, खटले, शिक्षण सारे लिहावे लागते. रकाना रिकामा ठेवू नये, काही नसेल तर 'निरंक' असे लिहावे. रिकाम्या रकान्यावरून अर्ज बाद होऊ शकतो. आणि ही माहिती सर्वांना वाचायला खुली असते. तेव्हा सोसायटीचे कर्ज किती, हे ज्यांना सांगितलेले नाही त्यांनाही कळेल, ही मनाची तयारी ठेवावी.

धंदेवाल्याने आणखी एक पाहावे. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारचे काम करण्याचा ठेका आपल्या नावावर चालू असेल, तर विधानसभेची उमेदवारी चालत नाही. खडी पुरवणारा, इमारतीचे काम घेणारा यांनी आधी वकिलाला विचारावे. खर्चासाठी बँकेत वेगळे खाते उघडावे लागते. आपल्या राज्यात २०२२ पासून खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये आहे. मामांची अख्खी गिरणी विकली असती तरी त्या मर्यादेच्या जवळपास ते गेले नसते! निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो. पडलेला उमेदवार बहुधा इथेच कंटाळा करतो आणि मग निवडणूक आयोग त्याला तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.

अपक्ष निवडून येतात का? येतात. १९९५ साली महाराष्ट्राच्या विधानसभेत ४५ अपक्ष आले होते आणि सरकार बनवताना त्यांना चांगलाच भाव होता. २०२४ साली २८८ जागांना ४,१३६ उमेदवार उभे होते. त्यांतले निम्मे अपक्ष. निवडून आले दोन.

पद्मराजन यांनी आपले सगळे उमेदवारी अर्ज आणि ओळखपत्रे प्लॅस्टिकमध्ये घालून जपून ठेवली आहेत. एके काळी हसणारे लोक आता त्यांना मुलांपुढे बोलायला बोलावतात. पराभव कसा पचवावा, हा विषय.

गिरणीवाल्या मामांकडे तेवढे काही नव्हते. अनामतीची एक पावती होती, पत्र्याच्या डब्यात, पिठाने पांढरी झालेली. मामा गेल्यानंतर एकदा मामींनी ती मला काढून दाखवली. मी विचारले, "मामी, तुम्ही मत कोणाला दिले होते?"

"त्यांनाच की," मामी म्हणाल्या. मग पावतीवरचा आकडा पुन्हा वाचून म्हणाल्या, "अडीचशे रुपये. तेवढ्यात गिरणीला नवा पट्टा आला असता." आणि डबा बंद करून फळीवर ठेवला.