तारापूरला तपासणी, कैग्याला नाही, असं का?

कारवारजवळच्या कैगा प्रकल्पात २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरलाही चारच. पण तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. त्यांच्या शेजारची तिसरी-चौथी आणि कैग्यातल्या चारही भट्ट्या मात्र नाहीत. असा फरक का?

भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही. १९६७ पूर्वी अणुचाचणी केलेल्या पाचच देशांना हा करार अण्वस्त्रधारी मानतो. बाकी सदस्यांनी आपलं सगळं अणुसाहित्य तपासणीला खुलं करायचं. ही विभागणी भारताला मान्य नाही.

मग भारतावर बंधन कसलं? स्वतः केलेल्या करारांचं. २००६ मध्ये भारताने २२ पैकी १४ भट्ट्या नागरी म्हणून तपासणीखाली आणायचं ठरवलं. ऑगस्ट २००८ मध्ये या संस्थेने तपासणी करार मंजूर केला. सप्टेंबरमध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला व्यापाराची सूट दिली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी सहकार्याने उभ्या राहिल्या, त्यामुळे त्यांच्यावर ही देखरेख १९७० च्या दशकापासूनच आहे.

तपासणी म्हणजे मुख्यतः जमाखर्च. इंधन किती आलं, किती वापरलं, वापरलेलं कुठे ठेवलं, याच्या नोंदी निरीक्षक ताडून पाहतात. सील आणि कॅमेरे त्यासाठीच. वीजनिर्मितीचं साहित्य बॉम्बकडे वळू नये, एवढाच हेतू.

खरी मेख इंधनात आहे. कझाकस्तान, रशिया किंवा कॅनडातून आलेलं युरेनियम फक्त देखरेखीखालच्या भट्ट्यांतच वापरता येतं. कैग्याला देशी युरेनियमवरच भागवावं लागतं. त्याच्याच बळावर कैग्याची पहिली भट्टी २०१८ अखेर सलग ९६२ दिवस चालली. पण खाणींतून पुरवठा कमी पडला, तर आयात केलेला साठा तिकडे वळवता येत नाही. वळवला तर करारभंग होईल आणि परदेशी इंधनावरच्या बाकी भट्ट्याही अडचणीत येतील.

एक गैरसमज मात्र नको. आंतरराष्ट्रीय तपासणी नाही म्हणजे कैग्यात सुरक्षेकडे कोणी बघत नाही, असं नव्हे. अपघात, किरणोत्सर्ग, आसपासच्या गावांची सुरक्षितता हे काम भारताच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचं. ते तारापूरला जसं लागू, तसंच कैग्यालाही. त्यामुळे सुरक्षेबद्दल प्रश्न असेल, तर तो व्हिएन्नाला नव्हे, मुंबईतल्या या मंडळाला विचारायचा.