गर्भजलातली आशा आणि वाया गेलेले तास

गेल्या आठवड्यात बोईसर स्टेशनच्या जिन्यापाशी एका पोराने हातात गुळगुळीत पत्रक कोंबलं. लकव्यावर ‘स्टेम सेल’, खात्रीशीर सुधारणा, हप्त्यांची सोय, खाली मुंबईचा फोन नंबर. इतक्या वर्षांनी पुन्हा तीच भाषा वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. गर्भजलातल्या मूलपेशींची, म्हणजे स्टेम सेलची, बातमी जगभर गाजली, त्याला येत्या जानेवारीत 20 वर्षं होतील. तिच्या आडून आमच्या चिंचणीच्या किनाऱ्यावर काय काय झालं, ते एकदा लिहून ठेवायला हवं.

महाराष्ट्राला गर्भजल आधी ठाऊक झालं ते वाईट कारणाने. सुईने ते पाणी काढायचं, मुलगी निघाली की गर्भ पाडायचा. मुंबईतल्या स्त्री-संघटना आणि काही डॉक्टर त्याविरुद्ध उभे राहिले आणि 1988 साली देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राच्या कायद्याला 1994 उजाडलं. पुढची वर्षं भराभर उलटली तरी चालतील. 2001 मध्ये अमेरिकी सरकारने भ्रूणातल्या मूलपेशींची यादी काढली, तीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचं नाव आलं, पेपरांनी मथळे सजवले, आणि विषय थंडावला.

जानेवारी 2007 मध्ये मात्र खरंच काही नवं घडलं. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे अँथनी अटाला, पाओलो दे कोप्पी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त दाखवून दिलं की गर्भजलात तरंगणाऱ्या पेशींपैकी सुमारे एक टक्का पेशी हाड, स्नायू, यकृत, मज्जापेशी अशा अनेक रूपांत वाढवता येतात. त्या साधारण 36 तासांत दुप्पट होतात, प्राण्यांत गाठी करत नाहीत, आणि त्यांच्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागत नाही. त्याच वर्षी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातल्या संशोधकांनी मेंदूचा रक्तपुरवठा तोडलेल्या उंदरांना गर्भजलातल्या पेशी दिल्या आणि त्यांच्या हालचाली सुधारल्याचं नोंदवलं. 2012 साली फ्लोरिडातूनही तसाच निष्कर्ष आला. या पेशी मेलेल्या मज्जापेशींची जागा घेतात असं नाही. त्यांच्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांनी दाह कमी होतो आणि मेंदूची स्वतःची दुरुस्ती जोर धरते, असा कयास होता. मला ते वाचून फार आनंद झाला होता. आजही त्या कामाबद्दल आदर आहे.

2011च्या पावसाळ्यात, सकाळी साडेसहाला, माझ्या मोठ्या काकांच्या अंगावरून वारं गेलं. काका डायमेकर. चिंचणी-तारापूरकडे हा जुना धंदा: पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी कोरायची, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की पानंफुलं उठून येतात. डोळ्याला भिंग लावून नखाएवढ्या पानाच्या शिरा ते कोरत, तेव्हा घरात कुणी दारही आपटत नसे. तोच उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. जवळच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि ‘बोईसरला न्या’ म्हणाले. तिथे सीटी स्कॅन बंद. मग शेजाऱ्यांच्या ओम्नीतून मनोर, हायवे, वर्सोवा पुलावरची रांग. मुंबईत स्ट्रेचर आत गेलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली की मिनिटाला सुमारे 19 लाख मज्जापेशी मरतात.

तीन महिन्यांनी एका रुग्णालयाचा माणूस घरी येऊन बसला. “काकी, गर्भातल्या पाण्यातल्या पेशींनी उंदीर चालायला लागले, मग आपले काका का नाही चालणार?” प्रत्यक्षात ते काढणार होते काकांच्याच कमरेच्या हाडातली अस्थिमज्जा. गर्भजलाचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. बातमी तेवढी उसनी आणली होती. काकींनी पाटल्या मोडल्या, काकांनी कोरलेल्या डायवर घडवलेल्या. दोन लाखांच्या वर गेले. उपचार अजून प्रयोगावस्थेत आहे, असं कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं. हात होता तिथेच राहिला. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “दुसरा डोस घ्या.” मला सर्वांत जास्त राग येतो तो याचा, की त्या पैशात वर्षभर रोज फिजिओथेरपी झाली असती. काका 2016 साली गेले. ठोकळे अजून माळ्यावर आहेत.

दरम्यान प्रामाणिक माणसं काम करत होती. दिल्लीच्या एम्सच्या डॉ. कामेश्वर प्रसाद यांच्या चाचणीत पाच केंद्रांतल्या 120 रुग्णांपैकी निम्म्यांना अस्थिमज्जेच्या पेशी दिल्या. 2014 साली त्यांनी स्वच्छ सांगितलं: धोका दिसला नाही, फायदाही दिसला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या नियमावलीनुसार रक्ताचे आजार वगळता मूलपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणून कुणी पैसे मागितले की त्याला चाचणीच्या सरकारी नोंदवहीतला, सीटीआरआयचा, क्रमांक विचारावा. ही नोंद 2009 पासून सक्तीची आहे. गर्भजलावरचं संशोधन थांबलेलं नाही. 2024 साली लंडनमध्ये दे कोप्पींच्या गटाने त्यातल्या पेशींपासून फुप्फुस, मूत्रपिंड आणि आतड्याच्या सूक्ष्म प्रतिकृती वाढवल्या. लकव्यावर मात्र त्यातून आजवर एकही मान्य उपचार आलेला नाही.

जे सिद्ध झालं आहे, ते आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. 2015 साली एकामागून एक पाच चाचण्यांनी दाखवलं की मोठी गुठळी नळी घालून बाहेर ओढता येते. त्याआधी, 1 ऑगस्ट 2014ला, पालघर वेगळा जिल्हा झाला. आम्हाला वाटलं, आता डहाणू-तलासरीच्या माणसाला दवाखान्यासाठी वापी, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागणार नाही. अजूनही गंभीर पेशंट घेऊन गाडी त्याच वाटांना लागते. हिमाचल प्रदेशाने त्याच 2014 मध्ये डोंगरातल्या सरकारी रुग्णालयांतून गुठळी विरघळवण्याचं काम सुरू केलं: सीटीचे फोटो मोबाइलवर दूरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवायचे, फोनवर सल्ला घ्यायचा, तिथल्याच डॉक्टरने इंजेक्शन द्यायचं, तेही रुग्णाला फुकट. चिंचणीला डोंगर आडवा येत नाही. डहाणूत रात्री-अपरात्रीही चालणारं सीटी मशीन, इंजेक्शनचा साठा आणि पेशंट थेट तिथेच न्यायचा हे ठाऊक असलेला 108 रुग्णवाहिकेचा चालक, एवढंच आम्ही मागतो आहोत.