कठीण संगीताचा आस्वाद : कुमार गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकांच्या संदर्भात

प्रास्ताविक : काही संगीत प्रथम श्रवणातच मनाची पकड घेते, तर काही संगीत श्रोत्याकडे काळाची मागणी करते. पं. कुमार गंधर्व (१९२४-१९९२) यांचे ख्यालगायन दुसऱ्या प्रकारातील होय. त्यांची ध्वनिमुद्रिका प्रथमच ऐकणारा विद्यार्थी बहुधा गोंधळतो आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून मोकळा होतो. हा निर्णय घाईचा का ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अडचणीचे स्वरूप : अडचण कानाची नसून अपेक्षेची असते. संथपणे वाढत जाणाऱ्या आलापीची सवय झालेल्या श्रोत्यास येथे लहान स्वरवाक्ये, तार सप्तकातील आकस्मिक झेप आणि मध्येच येणारी शांतता आढळते. क्षयरोगामुळे कुमारांना काही वर्षे गायन थांबवावे लागले, हे खरे. तथापि या शैलीस केवळ आजाराने लादलेली तडजोड मानणे अपुरे आहे. शांतता हा तेथे मांडणीचाच भाग असतो.

श्रवणाच्या पायऱ्या : प्रारंभी बंदिशीचा मुखडा व सम यांवरच लक्ष ठेवावे. मुखडा पाठ झाला की गायक समेपासून किती दूर जातो व कसा परततो, हे उमगू लागते. पुढे तोच राग पं. भीमसेन जोशी यांच्या गायनात ऐकावा. कुमारांनी काय गाळले व काय राखले, ते तुलनेतून स्पष्ट होते. पाश्चात्त्य प्रोग्रेसिव्ह रॉकच्या श्रोत्यासही याच वाटेने जावे लागते. ‘येस’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या १९७२ मधील ‘क्लोज टू द एज’ या तबकडीची एक संपूर्ण बाजू सुमारे १८ मिनिटांच्या एकाच रचनेने व्यापली आहे. तिच्यातील सूत्रांची पुनरावृत्ती अनेकदा ऐकल्यावरच ध्यानी येते.

स्थानिक संदर्भ : देवास येथील वास्तव्यात कुमारांनी माळव्यातील लोकधुनांचा अभ्यास केला व त्यांतून सहेली तोडी, मालवती यांसारखे धुनउगम राग सिद्ध केले. मोजक्या स्वरांची धून पुनःपुन्हा गाताना कशी खुलते, हे भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीची गाणी आणि दंडार ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्यास शिकवावे लागत नाही. वरवर परक्या वाटणाऱ्या या गायनाची किल्ली त्याच्याजवळ आधीपासूनच असते.

समारोप : सारांश, ‘कळले नाही’ हा श्रवणाचा निष्कर्ष नसून त्याची पहिली पायरी होय. तेथेच थांबणारा विद्यार्थी केवळ एका गायकास मुकत नाही. कठीण कला ही शहरी जाणकारांचीच मिरास आहे, हा न्यूनगंडही तो नकळत स्वीकारतो.