टोचन, ट्रॉली आणि डेन्व्हरचा दादा

टोइंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कॉलेजबाहेर लावलेली गाडी, लेक्चर संपेपर्यंत गायब आणि मग दंडाची पावती. बरोबर ना? गावाकडच्या मंडळींना 'टोचन' आठवेल. बंद पडलेल्या जीपला दोर बांधायचा आणि गॅरेजपर्यंत ओढत न्यायचं. पण पलंग, ओटा, बाथरूम असलेलं चाकांवरचं घर गाडीमागे जोडून हजारेक किलोमीटर फिरायला जायचं, हा प्रकार मला माहीतच नव्हता. तो डोक्यात घातला माझ्या मावसभावाने.

दादा-वहिनी डेन्व्हरला राहतात. तिथे अशा घराला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. दादाने दोन वर्षांपूर्वी तो घेतला तो मावशी-काकांसाठी. काकांना मधुमेह, वेळेवर घरचं जेवण आणि जवळ बाथरूम हवंच. गणपती आटोपले की दोघं तिकडे जाणार, आणि पाच वर्षांच्या नातीसोबत युटामधल्या आर्चेस नॅशनल पार्कला जायचं, असा बेत. ओढायला दादाची पंधरा वर्षं जुनी, आठ सिलिंडरची पेट्रोल एसयूव्ही होतीच.

आता भूगोल बघा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर, म्हणजे शहरच जवळपास आपल्या कळसूबाईच्या उंचीवर. तिथून पश्चिमेला जाणारा आय-७० हा हायवे आणखी चढत जातो आणि ३४०० मीटरवरच्या आयझेनहॉवर बोगद्यातून पलीकडे उतरतो. चढ-उतार सहा-सात टक्क्यांचे. ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी बाजूला रेतीचे चढ करून ठेवलेत, यावरून काय ते समजा.

मागच्या उन्हाळ्यात ट्रायल म्हणून तिघं निघाले. चढावर एसयूव्हीचा वेग ताशी पन्नास किलोमीटरवर आला, इंजिन किंचाळत होतं, मागे ट्रकची रांग. ते एक वेळ ठीक. उतारावर मात्र ब्रेक तापले, करपल्याचा वास आत आला आणि पेडल मऊ पडलं. दादाने कशीबशी गाडी बाजूला घेतली. मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. वहिनीने तिथंच सांगितलं, "या गाडीनं मी आई-बाबांना नेणार नाही. आणि तुलाही नेऊ देणार नाही."

म्हणून नवी गाडी. आणि दादाचा हट्ट, डिझेलच.

आपल्याकडे मोठी एसयूव्ही म्हणजे डिझेल हे आपण धरूनच चालतो. अमेरिकेत उलटं आहे. तिथल्या बहुतेक एसयूव्ही पेट्रोलच्या. फोर्डची एक्स्कर्शन नावाची अजस्र गाडी २००० ते २००५ या काळात डिझेल इंजिनातही मिळायची. ती इतकी मोठी की पर्यावरणवाल्या सिएरा क्लबने गाजलेल्या तेलगळतीच्या जहाजावरून तिला 'फोर्ड व्हाल्डेझ' असं नाव पाडलं! शेवर्लेची सबर्बन हे नाव १९३५पासून चालू आहे, पण नव्या पिढीत तिला डिझेल पुन्हा मिळालं ते २०२१च्या मॉडेलपासून. थोडक्यात, निवड फार नाही.

डिझेलच का? माझं फिजिक्स बारावीतच सुटलं, त्यामुळे मी थेट ट्रॅक्टरवर येते. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल. त्याची ताकद साधारण पन्नास हॉर्सपॉवर. एखाद्या साध्या पेट्रोल हॅचबॅकची ऐंशीच्या घरात असते. तरी ट्रॉल्या हॅचबॅकला जुंपत नाहीत. कारण तिची ताकद इंजिन जोरात पळवल्यावर येते. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतच रेटा देतं, वर गिअर तो आणखी वाढवतात. हा रेटा म्हणजे टॉर्क.

डोंगरात अजून एक भानगड. उंचीवर हवा विरळ. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. बोगद्यापाशी तीस टक्के गायब! आजच्या डिझेलला टर्बो असतोच, तो हवा कोंबून आत ढकलतो. (टर्बोवालं पेट्रोल इंजिनही हे करतं, दादा हे लवकर कबूल करत नाही.) आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक. धुराची वाट अडवून इंजिनच गाडीला धरून ठेवतं, चाकांचे ब्रेक थंड राहतात. वहिनीला पटलं ते एवढंच.

पैशांचं गणित काही जमलं नाही. अमेरिकेत डिझेल बहुतेकदा पेट्रोलपेक्षा महाग. धूर साफ करायला युरियाचं द्रावण भरावं लागतं, आणि नुसतं किराणा आणायला गाडी वापरली तर काजळीचा फिल्टर तुंबतो. वाचलेल्या इंधनातून गाडीचे जादा पैसे वसूल होत नाहीत, हे दादाच्याच एक्सेल शीटमध्ये लिहिलंय. तरी त्याने चार वर्षं वापरलेली डिझेल एसयूव्ही घेतली. ओढायची मर्यादा ३६०० किलो. झालं, प्रश्न सुटला?

नाही. वहिनी सांगलीची, तिचं माहेर ऊसवाल्यांचं. ती म्हणाली, "आधी काटा करू." ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर ट्रेलर नेला. माहितीपत्रकात २६०० किलो, भरलेला निघाला ३१५०. मर्यादेत होता. पण चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललेलं पाहिलंय ना? मागचा भार हुकावर दाबतो आणि पुढची चाकं हलकी होतात. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर असा दाबून राहावा लागतो. तो कमी झाला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. यांचा भरला ४१० किलो. पाच माणसांचे २९०. बेरीज ७००. आणि ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर म्हणतो, गाडीत एकूण वजन ६९० किलोच्या वर नको. इंजिन ओढेल हो, पण स्प्रिंग आणि टायर?

डिझेल इंजिन जड असतं, त्यामुळे हा आकडा कधी कधी पेट्रोल गाडीपेक्षाही कमी निघतो. दादाने एवढा अभ्यास केला, पण स्टिकर वाचला नव्हता.

मग कपात सुरू झाली. पाण्याची १५० लिटरची टाकी रिकामी न्यायची, मुक्कामावर भरायची. दादाची लोखंडी शेगडी, जनरेटर, दोन सायकली बाद. ट्रेलर २९०० किलोवर आला, हुकावरचा भार ३८०च्या आसपास. गाडीत वीस किलोची मोकळीक उरली. गेल्या शनिवारी दादा-वहिनी बोगदा ओलांडून आले, मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून. उतारावर ब्रेक पेडलला पाय दोनदाच लावला, असा वहिनीचा मेसेज आला.

इकडे मावशीची बॅग भरणं चालू आहे. परवा व्हिडिओ कॉलवर वहिनी तिला म्हणाली, "आई, भाजणी किती घेताय?"

"पाच किलो. का गं?"

"दोनच घ्या. आणि बॅग काट्यावर ठेवून मला फोटो पाठवा."