सगळेच फॉरवर्ड, मग कोपऱ्यावर कोण?

भातकापणी उरकली की कर्जत-खालापूरच्या मोकळ्या शेतांत फुटबॉल सुरू होतो. गोल म्हणजे चपलांचा जोड, हद्द म्हणजे बांध. पहिलं भांडण ठरलेलं: फॉरवर्ड कोण? बहुतेकांचे हात वर. ज्याला पळायचा कंटाळा, तो गोलात.

हीच पोरं संध्याकाळी कबड्डीला उतरली की शहाणी होतात. पाय धरण्यात पटाईत असलेल्याला कोपरा द्यायचा, चढाईबहाद्दराचा दम राखायचा, हे रायगडात कुणाला शिकवावं लागत नाही. फुटबॉलच्या वेळी मात्र सगळं विसरायचं.

गैरसमज: उत्तम खेळाडू पुढेच हवा, गोल तोच करणार.
वस्तुस्थिती: १७ मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, इंडियन सुपर लीगची अंतिम लढत. एफसी गोवा आणि बेंगळुरू जादा वेळेतही अडलेले. ११७व्या मिनिटाला कॉर्नरवर डोकं लावून चेंडू जाळ्यात धाडला तो बेंगळुरूच्या राहुल भेकेने. मुंबईचा हा खेळाडू बचावफळीतला. तोवर गोव्याला रोखून धरण्यातही त्याचा वाटा होताच, पण तेवढ्यासाठी शिट्ट्या कोण वाजवतो!

गैरसमज: कसलेला खेळाडू कुठेही उभा करा, चालतो.
वस्तुस्थिती: चालतो, पण संघाची घडी विस्कटते. २००४च्या युरो स्पर्धेत जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघांनाही मध्ये खेळवायचं म्हणून इंग्लंडने पॉल स्कोल्सला डावीकडे सरकवलं. मधल्या पट्ट्यातला हा कसबी गडी कडेला अडकला. उलट उदाहरण जर्मनीचं. २०१४च्या विश्वचषकात फिलिप लाम आधी मधल्या फळीत खेळला, आणि वाईट खेळला असंही नाही. पण उजवी बाजू उघडी पडत होती. फ्रान्सविरुद्ध प्रशिक्षकाने त्याला पुन्हा उजव्या बॅकला नेलं. पुढे ब्राझीलवर ७-१ आणि मग विश्वचषक. माझ्या मते, आपल्या गावठी प्रशिक्षकांनी तो एक बदल नीट समजून घेतला तरी पुष्कळ झालं.

गैरसमज: गोलात धिप्पाड पोरगा उभा केला की झालं.
वस्तुस्थिती: खरा गोल ७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच. अंगाने तो कुणाला भरता येणार? शिवाय १९९२पासून आपल्याच गड्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही. म्हणजे पायही हवेत.

डावखुऱ्या पायाचं थोडक्यात: तो डावीकडून धावता धावता क्रॉस टाकतो. उजव्या पायाच्याला बऱ्याचदा आधी आत वळावं लागतं, तोवर समोरचे गोळा होतात.

गेल्या हंगामात आम्ही कबड्डीत कोपरा सांभाळणाऱ्या एका पोराला उजवा बॅक केलं. रुसला. पण सवयीने त्याची नजर चेंडूवर नाही, समोरच्याच्या पायांवर, आणि त्या बाजूने कुणी आत शिरेना. पुढच्या रविवारी चपला मांडायच्या आत त्याने बांधाकडची बाजू धरली होती.