काताकाना लिपी : अक्षरलेखन व स्मरण

काताकाना लिपी : जपानी भाषेच्या लेखनात वापरल्या जाणाऱ्या दोन अक्षरात्मक लिप्यांपैकी एक. दुसरी हिरागाना. या दोहोंना मिळून ‘काना’ म्हणतात. चिनी मूळ असलेल्या कांजी या भावचिन्हांबरोबर या दोन्ही लिप्या एकाच वाक्यात येऊ शकतात. परकीय शब्द, परदेशी व्यक्तींची व स्थळांची नावे, ध्वन्यनुकारी शब्द आणि प्राणी व वनस्पती यांची शास्त्रीय लेखनातील नावे सामान्यतः काताकानात लिहितात. मराठी भाषकाचे स्वतःचे नाव जपानीत प्रथम याच लिपीत लिहिले जाते.

उगम : नवव्या शतकात बौद्ध भिक्षूंनी चिनी ग्रंथांचे जपानी वाचन सुलभ व्हावे म्हणून ओळींच्या कडेला बारीक टिपा लिहिण्यास सुरुवात केली. जागा अपुरी व वेळ थोडा असल्याने पूर्ण चिनी चिन्हाऐवजी त्याचा एखादाच भाग लिहिण्याची पद्धत पडली आणि तीतून ही लिपी घडली. ‘काता’ म्हणजे अंशरूप. हिरागाना मात्र संपूर्ण चिन्हाच्या शीघ्रलेखनातून निर्माण झाली. त्यामुळे हिरागानाची वळणे गोलाकार, तर काताकानाची रेषामय व कोनयुक्त दिसतात. एका उच्चारासाठी पूर्वी अनेक पर्यायी चिन्हे प्रचलित होती. १९०० मध्ये प्राथमिक शाळांसाठी केलेल्या नियमांनी प्रत्येक उच्चाराला एक रूप ठरवून दिले.

वर्णक्रम : आज प्रचारात असलेल्या मूळ चिन्हांची संख्या ४६ आहे. ती ‘गोजूओन’ (पन्नास ध्वनी) या तक्त्यात मांडतात. तक्त्यातील स्वर आ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात, तर व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व अशा लागतात. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटतो, याचे कारण ऐतिहासिक आहे. बौद्ध मंत्रांच्या अभ्यासासाठी सिद्धम् ही भारतीय लिपी चीनमार्गे जपानात पोहोचली. कूकाई (७७४–८३५) हा भिक्षू ८०४ मध्ये चीनला गेला व तेथे सिद्धम् शिकून परतला. या अध्ययनाच्या परंपरेतूनच जपानी ध्वनींची मांडणी झाली, असे सामान्यतः मानले जाते. अशा तक्त्यांचे नमुने अकराव्या शतकापासून मिळतात.

देवनागरीच्या कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य या क्रमाशी तक्ता ताडून पाहिल्यास दोन ठिकाणी विसंगती भासते. तालव्य च-वर्गाच्या जागी ‘स’ आणि ओष्ठ्य प-वर्गाच्या जागी ‘ह’ येतो. प्राचीन जपानीत ‘स’चा उच्चार ‘च’च्या जवळचा होता आणि आजचा ‘ह’ मूळच्या ‘प’पासून आला आहे, हे लक्षात घेता विसंगती उरत नाही. चिन्हाच्या माथ्याजवळ दोन लहान रेघा दिल्या म्हणजे ‘का’चा ‘गा’, ‘ता’चा ‘दा’, पण ‘हा’चा ‘बा’ होतो. लहान वर्तुळ दिल्यास ‘हा’चा ‘पा’ होतो. देवनागरीतील अघोष–घोष जोड्या ज्याला ठाऊक आहेत, त्याला हा नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

देवनागरीशी भेद : साम्य क्रमापुरतेच आहे. देवनागरीत ‘क’ला काना-मात्रा जोडून ‘कि’, ‘कु’, ‘के’ सिद्ध होतात. काताकानात का, कि, कु, के, को ही पाच स्वतंत्र चिन्हे असून त्यांच्या आकारांत ‘क’ दर्शविणारा समान घटक नाही. म्हणून तक्त्यातील स्थान चटकन ध्यानात राहते, पण आकार स्मरणात ठेवण्यासाठी निराळा अभ्यास करावा लागतो. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, तर काताकानाचे चिन्ह काल्पनिक चौरसाच्या मध्याभोवती तोललेले असते. या कारणाने आरंभीच्या सरावास गणिताची चौकटींची वही उपयुक्त ठरते.

आकारांचे स्मरण : मूळ चिनी चिन्ह ठाऊक असल्यास काही आकारांची संगती लागते. नि, मि, हा व चि ही चिन्हे अनुक्रमे दोन, तीन, आठ व हजार या अंकवाचक चिन्हांपासून आली आहेत. ‘नि’मध्ये दोन आडव्या व ‘मि’मध्ये तीन तिरप्या रेघा आजही दिसतात. इतर चिन्हे एकमेकांपासून वाढवीत नेता येतात. ‘फु’ म्हणजे आडवी रेघ काढून डावीकडे खाली उतरणारी एकच रेषा. तिच्यावर एक आडवी रेघ दिल्यास ‘रा’, डाव्या टोकाला लहान उभी रेघ दिल्यास ‘वा’ आणि त्या ‘वा’च्या माथ्यावर आणखी एक लहान रेघ दिल्यास ‘उ’ होतो. ‘कु’च्या पोटात एक रेघ काढली की ‘ता’, आणि ‘को’च्या मध्ये आडवी रेघ काढली की ‘यो’ तयार होतो.

सर्वाधिक गोंधळ होतो तो शि–त्सु आणि अनुनासिक न्–सो या जोड्यांत. तयार आकार पाहून हा भेद ठसत नाही, तो रेघेच्या दिशेने ठसतो. ‘शि’ व ‘न्’ यांतील लहान रेघा डाव्या कडेला असतात आणि लांब रेघ खालून वर ओढतात. ‘त्सु’ व ‘सो’ यांतील लहान रेघा वरच्या बाजूस असतात आणि लांब रेघ वरून खाली उतरते. वरून खाली व डावीकडून उजवीकडे हा लेखनक्रम म्हणूनच केवळ सौंदर्यासाठी नसून ओळखीसाठीही आहे. चिन्हाखाली देवनागरी उच्चार लिहून ठेवण्याची सवय मात्र लवकर सोडावी लागते, कारण डोळा ओळखीच्या अक्षराकडेच जातो. सुटी चिन्हे गिरवण्यापेक्षा शब्द वाचणे अधिक फलदायी ठरते. ‘बासु’ (बस), ‘होतेरु’ (हॉटेल), ‘इंदो’ (भारत) असे शब्द अर्थासह लक्षात राहतात. ‘पान’ (पाव) हा जपानी शब्द व मराठी ‘पाव’ हे दोन्ही एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत.

मराठी नावांचे लेखन : मराठी नावे लिहिताना या लिपीच्या मर्यादा स्पष्ट होतात. महाप्राण व मूर्धन्य व्यंजनांसाठी तिच्यात चिन्हे नाहीत. र, ल व ळ यांना एकच ओळ आहे आणि अनुनासिक ‘न्’ वगळता सुट्या व्यंजनाला स्वर जोडावा लागतो. ‘नर’ व ‘नळ’ ही दोन्ही ‘नारु’ होतात. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील ‘तेर’ हे प्राचीन गाव लिहिले, तर ते ‘तेल’ या शब्दापासून वेगळे राहत नाही. ‘तुळजापूर’ लिहिताना पहिल्याच अक्षराला अडचण येते. ‘त’च्या ओळीत उकारी चिन्ह ‘त्सु’ असल्याने ‘तो’पुढे लहान ‘उ’ लिहून ‘तु’ साधतात. ‘जा’साठी ‘जि’पुढे लहान ‘या’ व त्यानंतर दीर्घत्वदर्शक आडवी रेघ लागते. ‘धाराशिव’मधील अंत्य ‘व’ दोन प्रकारे लिहिता येतो : ‘उ’ला दोन लहान रेघा देऊन, किंवा त्याऐवजी ‘बु’ योजून. १९९१ च्या शासकीय अधिसूचनेने परकीय शब्दांच्या लेखनासाठी अशी पर्यायी रूपे मान्य केली आहेत.

महाराष्ट्रातील अध्ययन : पुणे हे जपानीच्या अध्यापनाचे प्रमुख केंद्र असून तेथील रानडे इन्स्टिट्यूट व टिळक महाराष्ट्र विद्यापीठ येथे ही भाषा शिकविली जाते. १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेच्या सर्वांत खालच्या पातळीलाही दोन्ही काना लिप्या येणे आवश्यक असते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील गाडिवाट येथील जिल्हा परिषद शाळेच्या मुलांनी परकीय भाषा म्हणून जपानीची निवड केल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रमानव व तंत्रज्ञान यांविषयीचे कुतूहल हे त्या निवडीमागील कारण होते.

जपानमध्ये शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाणाऱ्यांना बँका, रुग्णालये इत्यादींच्या अर्जांवर नावाचा उच्चार काताकानात द्यावा लागतो. एकाच नावाची दोन लेखने झाल्यास नोंदी जुळत नाहीत. त्यामुळे मूळ उच्चाराशी शक्य तितके जवळचे एक रूप आरंभीच ठरवून ते सर्वत्र कायम ठेवणे इष्ट असते. ही निवड दुसऱ्यावर न सोपविता स्वतः करता येण्याइतके अक्षरज्ञान या ४६ चिन्हांतून मिळते.