सेल्फ बदलण्याआधी आणि बदलताना

विजेचा पंखा बटण दाबताच फिरू लागतो. पेट्रोल इंजिनाला तसे स्वतःहून सुरू होता येत नाही. हवा-पेट्रोल आत ओढणे, ते दाबणे आणि मग ठिणगी टाकणे, ही कामे होण्यासाठी इंजिन आधीच फिरत असावे लागते. म्हणून त्याच्या पहिल्या काही फेऱ्या दुसऱ्या कोणीतरी द्याव्या लागतात. पूर्वी माणूस पुढे उभा राहून हँडल मारत असे. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडण्याची भीती असे. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाड्यांवर चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली विजेची मोटर आली आणि हँडल हळूहळू मागे पडले. ही मोटर म्हणजे स्टार्टर. आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला ‘सेल्फ’ म्हणतात.

हा सेल्फ घरी कसा बदलतात ते या लेखात सांगतो. उदाहरण एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे घेतले आहे. माझे मामा इंग्लंडमध्ये राहतात. त्यांच्याकडे १९७२ची एमजीबी आहे आणि मागच्या सुट्टीत तिचा सेल्फ बदलताना मी त्यांच्या हाताखाली होतो. गाडीखाली मामा होते. किल्ली फिरवणे, बॅटरी धरणे आणि मीटरचे आकडे वहीत लिहिणे ही कामे माझ्याकडे होती. त्या दिवशी जुना सेल्फ काढून नवा बसवायला जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ सेल्फ खरोखर बिघडला आहे का हे ठरवण्यात गेला. मामांच्या मते खरे काम तेच होते.

गाडीची ओळख

एमजीबी ही दोन माणसांची गाडी इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या. इंजिन चार सिलिंडरचे, १७९८ सीसीचे. आजच्या गाड्यांसारखा संगणक त्यात नाही, त्यामुळे बिघाड शोधायला एक मीटर आणि थोडा विचार पुरतो.

तिच्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, बॅटरी इंजिनापाशी नसून सीटच्या मागे, जमिनीतल्या झाकणाखाली असते. १९७२च्या गाडीत मूळ रचनेप्रमाणे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. तिथून पुढच्या सेल्फपर्यंत लांब केबल जाते. दुसरी, इंजिन रबराच्या आधारांवर बसवलेले असते. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची एक जाड पट्टी असते. तिला अर्थ पट्टी म्हणू. सेल्फमधून गेलेली सगळी वीज याच पट्टीतून बॅटरीकडे परत येते.

सेल्फच्या आत काय होते

सेल्फचे दोन भाग असतात. खालचा मोठा भाग म्हणजे मोटर आणि तिच्या पाठीवरचा लहान नळकांड्यासारखा भाग म्हणजे सोलेनॉइड. किल्ली फिरवली की एका बारीक तारेतून सोलेनॉइडला वीज मिळते आणि तो चुंबक बनतो. तो एकाच ओढीत दोन कामे करतो. एका काट्याने तो मोटरचे छोटे दातेरी चाक पुढे सरकवून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो, आणि त्याच वेळी आतली तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलांवर दाबून मोटरला बॅटरीची पूर्ण वीज देतो. आपल्याला ऐकू येणारा ‘टक्’ आवाज याचाच.

छोट्या चाकाला साधारण दहा दाते आणि फ्लायव्हीलला शंभराहून जास्त असतात. त्यामुळे मोटरचा वेग कमी होऊन जोर दहापटीहून अधिक वाढतो. पण इंजिन सुरू झाल्यावर हाच हिशोब उलटा होतो. समजा प्रमाण १ : १३ आहे. इंजिन मिनिटाला १००० फेऱ्या फिरू लागले तर मोटर १३,००० फेऱ्या फिरेल आणि तिचे तुकडे होतील. हे टाळण्यासाठी छोट्या चाकामागे एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. सायकलचा फ्रीव्हील जसा उलट दिशेने मोकळा फिरतो, तसाच हा. या सगळ्या जोडणीला गॅरेजमध्ये ‘बेंडिक्स’ म्हणतात.

आवाज काय सांगतो

किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या आवाजावरून अर्धे निदान होते.

भराभर ‘टकटकटक’ वाजले तर बॅटरी कमजोर आहे किंवा तिचे टर्मिनल सैल आहे. सोलेनॉइड ओढतो, मोटर वीज घेते, त्याने व्होल्टेज कोसळते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वाढते आणि तो पुन्हा ओढतो.

एकच ‘टक्’ आणि पुढे शांतता असेल तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी किंवा केबलवर संशय घ्यावा. दिवे तसेच तेजस्वी राहिले तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही.

मोटर ‘घुंऽऽ’ करून फिरते पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा क्लच सुटत आहे. दात घासल्यासारखा कर्कश आवाज आला तर फ्लायव्हीलचे दाते झिजलेले असू शकतात.

मामांची गाडी कधी एकच ‘टक्’ करून थांबे, तर कधी इंजिन रेटून रेटून, अगदी सावकाश फिरवी. मित्रांनी ‘सेल्फ गेला’ असे सांगून टाकले होते. मामा म्हणाले, “आधी मोजू. नवा सेल्फ घालूनही गाडी अशीच राहिली तर पैसेही जातील आणि बिघाड तसाच राहील.”

मोजमाप

मोजण्याआधी इग्निशन कॉइलची बारीक तार काढून ठेवली, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

बॅटरीचे आकडे आधी घेतले. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना ती दहाच्या फार खाली जाऊ नये. आमच्या नोंदी १२.६ आणि १०.९ अशा होत्या. म्हणजे बॅटरी निर्दोष.

पुढचे मोजमाप केबलचे. इथे तार तुटली आहे का एवढेच पाहून चालत नाही. सेल्फ २०० अँपिअरच्या आसपास वीज घेतो. सांध्यावरच्या गंजामुळे फक्त ०.००५ ओहम अडथळा आला, तरी २०० × ०.००५ = १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. साध्या मीटरवर इतका लहान ओहम दिसत नाही. म्हणून सेल्फ फिरत असताना केबलच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजायचे. चांगल्या केबलवर हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत असावा.

बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या केबलवर ०.३ व्होल्ट आले. ते ठीक होते. पण इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये ०.९ व्होल्ट मिळाले. अर्थ पट्टीच्या टोकांवर गंज आणि जुने तेल होते. ही पट्टी फार खराब झाली तर वीज परत जायला दुसरी वाट शोधते आणि चोकची बारीक तार गरम होऊ लागते. पट्टी सोडवून दोन्ही टोके पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली आणि पुन्हा आवळली. आकडा ०.१ वर आला आणि सेल्फ जेव्हा फिरे तेव्हा जोरात फिरू लागला.

पण ‘टक्’ करून थांबणे गेले नाही. दहा वेळा किल्ली फिरवली, त्यात चार वेळा नुसता ‘टक्’. तेव्हा मामांनी मीटर सोलेनॉइडच्या दोन जाड टर्मिनलांना लावला आणि मी किल्ली फिरवली. ‘टक्’ झाला की आत चकती चिकटून हा आकडा शून्याजवळ यायला हवा. तो १२.३ वरच राहिला. चकती पुढे जात होती, पण जळक्या तांब्यामुळे वीज पलीकडे जात नव्हती. आकडा शून्य आला असता आणि तरीही मोटर गप्प असती, तर संशय मोटरच्या झिजलेल्या कार्बनवर गेला असता.

आता खात्री झाली. नुसता सोलेनॉइड बदलता आला असता, पण त्यासाठीही सेल्फ खाली काढावाच लागणार होता आणि मोटर जुनी होती. म्हणून पूर्ण सेल्फ बदलायचे ठरले.

काढणे

पहिला नियम: बॅटरीची निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढायची. ती जोडलेली असताना पॉझिटिव्ह टर्मिनलवरचा पाना बॉडीला टेकला तर सगळी वीज त्या पान्यातून धावते. पाना लाल होतो, हात भाजतो, बॅटरीतला वायू पेटू शकतो. हातातले घड्याळ आणि अंगठीही काढून ठेवावी.

दुसरा नियम: जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, गाडीखाली जाण्यासाठी नाही. सपाट काँक्रीटवर गाडी उचलून दोन मजबूत स्टँडवर टेकवली, मागच्या चाकांना ओंडके लावले आणि गाडी हाताने जोरात हलवून पाहिली. ती जागची हलली नाही, तेव्हाच मामा खाली गेले. विटा, दगड किंवा लाकडाची उतरंड यांवर टेकवलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

एमजीबीचा सेल्फ इंजिनाच्या उजव्या बाजूला, मागे असतो. समोर ऑइल फिल्टर येतो. तो काढला की हाताला जागा मिळते, फक्त खाली भांडे ठेवावे आणि नंतर तेल भरावे. वायर सोडवण्याआधी मी त्यांचा फोटो काढला आणि प्रत्येकीला चिकटपट्टी लावून क्रमांक दिला. सेल्फ दोन बोल्टांवर असतो. खालचा खालून सुटतो, वरचा वरून चाचपडत सोडवावा लागतो. या गाडीचे बोल्ट इंची मापाचे आहेत. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १३चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण सैल असतो आणि बोल्टची कड मारतो. शेवटचा बोल्ट काढताना सेल्फला खालून आधार द्यावा, कारण तो चांगलाच जड असतो.

सेल्फ निघाल्यावर त्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते पाहता येतात. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा दोन ठरावीक जागांवरच थांबते, त्यामुळे दाते त्या दोन जागी जास्त झिजतात. म्हणून स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने सावकाश फिरवत पूर्ण फेरी पाहावी. आमचे दाते चांगले होते.

बसवणे

नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवून दात्यांची संख्या, भोकांची जागा आणि लांबी ताडून पाहावी. एमजीबीमध्ये १९६७च्या सुमारास सेल्फचा प्रकार बदलला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा सेल्फ नंतरच्या गाडीला चालत नाही.

सेल्फची परतीची वीज त्याच्या धातूच्या अंगातूनच इंजिनात जाते. म्हणून तो जिथे टेकतो ती जागा स्वच्छ हवी. रंग किंवा गंज नको. दोन्ही बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवावे, मग पाना लावावा. तांब्याच्या टर्मिनलवरची नट घट्ट हवी, पण अंगाचा जोर लावू नये, कारण तो खिळा मऊ असतो. फिल्टर, तेल, वायरी आणि स्टँड यांची तपासणी झाल्यावर निगेटिव्ह केबल सर्वांत शेवटी जोडायची.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. एवढ्या विजेने मोटर झपाट्याने तापते, म्हणून मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. आम्ही दहा वेळा किल्ली फिरवली आणि दहाही वेळा सेल्फ फिरला. मग कॉइलची तार जोडली आणि इंजिन सुरू झाले.

आपल्या गाडीसाठी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी बदलीमुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहते. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. सुट्टीत घरी आल्यावर गाडी ‘टक्’ करून थांबली तर लगेच सेल्फला दोष देऊ नये. नव्या गाड्यांत सेल्फ अवघड जागी असतो, संगणक आणि अलार्मही असतात, त्यामुळे बदलण्याचे काम मिस्त्रीकडेच द्यावे. मात्र बॅटरीची दोन मोजमापे, पॉझिटिव्ह केबलचे एक आणि अर्थचे एक, ही चार मोजमापे आई-वडिलांसोबत घरी करता येतात. ते आकडे कागदावर लिहून मिस्त्रीला दाखवावेत. मग सेल्फ बदलायचा की नुसती पट्टी घासायची, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.